पश्चिम आफ्रिकेच्या जुन्या नोटा: निवड, पारख आणि जतन यांविषयी सविस्तर मार्गदर्शन

पश्चिम आफ्रिकेच्या जुन्या नोटा जमवायच्या ठरवल्यावर बहुतेक जण प्रत्येक देशाची एक नोट मिळवण्यापासून सुरुवात करतात. ही पद्धत सोपी आहे, पण या प्रदेशाला ती न्याय देत नाही. ६ मार्च १९५७ रोजी घाना स्वतंत्र झाला आणि त्यानंतरच्या सुमारे वीस वर्षांत या किनाऱ्यावर नोटा इतक्या वेळा आणि इतक्या तातडीने बदलल्या की प्रत्येक बदलामागे एखादी मोठी राजकीय घटना सापडते. सत्तांतर झाले आणि नोटेवरचा चेहरा नाहीसा झाला, यादवी युद्ध पेटले आणि त्याच नोटेचे रंग उलटेपालटे झाले, एखाद्या देशाने चलनसंघ सोडला आणि रातोरात नवी बँक उभी राहिली. म्हणून माझा आग्रह असा आहे की नोटा जोड्यांनी जमवाव्यात: बदलापूर्वीची एक आणि बदलानंतरची एक. अशा दहा-बारा नोटांतून जो अर्थ हाती लागतो, तो सुट्या पन्नास नोटांतून लागत नाही.

आधी नोटा काढणाऱ्या संस्था ओळखाव्यात

खरेदीला हात घालण्यापूर्वी कोणत्या भागात कोणाच्या नोटा चालत होत्या हे पक्के समजून घ्यावे, कारण विक्रेते पुष्कळदा केवळ ‘वेस्ट आफ्रिका’ एवढेच लिहितात आणि या दोन शब्दांत तीन वेगवेगळ्या परंपरा दडलेल्या असतात.

ब्रिटिश वसाहतींसाठी १९१२ मध्ये लंडन येथे वेस्ट आफ्रिकन करन्सी बोर्ड स्थापन झाले. नायजेरिया, गोल्ड कोस्ट म्हणजे आजचा घाना, सिएरा लिओन आणि गांबिया या चार वसाहतींना एकच चलन मिळाले. पहिल्या महायुद्धात चांदी दुर्मीळ झाल्यामुळे बोर्डाने १९१६ पासून २, १० आणि २० शिलिंगांच्या नोटा काढल्या, तर १९१८ मध्ये १ शिलिंगाची नोट आली. लोक धातूच्या नाण्यांना सरावलेले असल्याने कागदी पैशावर त्यांचा विश्वास बसायला वेळ लागला. या नोटांच्या रचनेतील लक्षात ठेवण्यासारखी बाब अशी की त्यांवर राजाचे चित्र नाही; तेथे ताडवर्गीय वृक्ष आहे. आपल्याकडे १९२३ पासून दहा रुपयांच्या नोटेवर पाचवा जॉर्ज दिसतो, आणि त्याच साम्राज्याच्या आफ्रिकी नोटेवर मात्र झाड. १९५३ च्या मालिकेतही राणीऐवजी नदीकाठ आणि झाडेच आहेत, आणि १०० शिलिंगांची मोठी नोट याच मालिकेत प्रथम आली. लायबेरिया ही ब्रिटिश वसाहत नसली तरी १९४३ मध्ये अमेरिकन डॉलर स्वीकारेपर्यंत तेथेही ब्रिटिश पश्चिम आफ्रिकेचाच पैसा चालत असे.

फ्रेंच प्रदेशांत १९०१ पासून बांक द लाफ्रिक ऑक्सिदांताल ही बँक नोटा काढत होती. तिच्या सुरुवातीच्या नोटांवर डाकार, कोनाक्री, ग्रां-बासाम, पोर्तो-नोवो अशी शाखांची नावे छापलेली असत आणि आज संग्राहकाच्या दृष्टीने एकाच नोटेची किंमत त्या गावाच्या नावावरून बदलते. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात असताना या बँकेच्या १९४२ च्या काही नोटा अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे छापून घ्याव्या लागल्या. फ्रेंच छपाईचे मऊ, बहुरंगी चित्रण आणि या युद्धकालीन नोटांचे रेखीव अमेरिकी वळण यांतील फरक शेजारी ठेवल्यावर लगेच कळतो. २६ डिसेंबर १९४५ रोजी सीएफए फ्रँक, म्हणजे आफ्रिकेतील फ्रेंच वसाहतींचे चलन, अस्तित्वात आला, १९५५ मध्ये नोटा काढण्याचा अधिकार बँकेकडून एका सरकारी संस्थेकडे गेला, आणि १९५९ मध्ये पश्चिम आफ्रिकी राज्यांची मध्यवर्ती बँक, म्हणजे बीसीईएओ, हे काम पाहू लागली. आजही तीच पाहते. मध्य आफ्रिकेतील सीएफए फ्रँक वेगळ्या बँकेचा आहे. विक्रेत्यांच्या याद्यांत हे दोन्ही सर्रास मिसळलेले असतात, तेव्हा बँकेचे पूर्ण नाव वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तिसरी परंपरा पोर्तुगीज, आणि गोव्याच्या वाचकाला ती परकी वाटणार नाही. पोर्तुगीज गिनी (आजचा गिनी-बिसाऊ) आणि केप व्हर्द येथे नोटा काढणारी बांकु नासिओनाल उल्त्रामारिनु ही १८६४ मध्ये लिस्बन येथे स्थापन झालेली बँक गोव्यातही नोटा काढत असे. तेथे तिच्या रुपयाच्या नोटा १९०६ पासून आल्या आणि १९५९ मध्ये एस्कुदो हे पोर्तुगीज चलन आले. बँकेचे संस्थापक फ्रान्सिस्को द ऑलिव्हेइरा शामिसो यांचे चित्र तिच्या अनेक आफ्रिकी वसाहतींच्या नोटांवर आढळते. घरात आजोबांच्या काळातील गोव्याच्या नोटा असतील, तर त्यांना जोडून पोर्तुगीज गिनीची एखादी नोट घेणे ही या संग्रहाची फार चांगली सुरुवात ठरू शकते. १९७५ नंतरच्या, म्हणजे पोर्तुगीज सत्ता गेल्यावरच्या, नोटाही पाहाव्यात: केप व्हर्दच्या १९७७ च्या मालिकेवर आणि गिनी-बिसाऊच्या पहिल्या मालिकेतील ५०० पेसोंच्या नोटेवर स्वातंत्र्यलढ्याचे नेते आमिल्कार काब्राल आहेत.

विषय ठरवावा: जोड्यांची काही उदाहरणे

पहिली आणि माझ्या मते सर्वांत बोलकी जोडी स्वतंत्र घानाचे पहिले नेते क्वामे एन्क्रुमा यांची आहे. खरे पाहता ती तीन-चार नोटांची साखळी आहे. १९५८ मध्ये घानाच्या नव्या मध्यवर्ती बँकेने पौंडाच्या नोटा काढल्या. त्या वर्षीच्या नाण्यांवर एन्क्रुमा आले, पण नोटांवर मात्र बँकेची इमारत आणि तारा होता. १ पौंडाच्या नोटेमागे कोकोच्या शेंगांचे ढीग आहेत, कारण देशाची मुख्य कमाई कोकोची होती. १९ जुलै १९६५ रोजी पौंड जाऊन सेदी आला. एक सेदी म्हणजे शंभर पेन्स, अर्थात ८ शिलिंग ४ पेन्स, असा त्याचा विचित्र दर होता. या मालिकेच्या नोटांवर एन्क्रुमांचे चित्र आले. २४ फेब्रुवारी १९६६ रोजी ते परदेश दौऱ्यावर असताना लष्कराने त्यांची सत्ता उलथवली, आणि ठीक एका वर्षाने, फेब्रुवारी १९६७ मध्ये, नवा सेदी काढण्यात आला. जुने १.२ सेदी देऊन एक नवा सेदी मिळू लागला. नव्या नोटांवर व्यक्ती नव्हतीच, १ सेदीच्या नोटेवर कोकोचे झाड होते.

साखळी येथे संपत नाही. पदच्युत एन्क्रुमांना पूर्वीची फ्रेंच वसाहत असलेल्या गिनीचे अध्यक्ष सेकू तुरे यांनी आश्रय दिला, त्यांना मानाने सह-अध्यक्ष म्हटले, आणि एन्क्रुमा १९७२ मध्ये निधन पावल्यानंतर गिनीच्या १९८० च्या मालिकेतील ५ सिलीच्या (सिली हे तेव्हाचे गिनीचे चलन) नोटेवर त्यांचे चित्र छापले. स्वतःच्या देशाच्या नोटेवरून काढून टाकलेला चेहरा अशा रीतीने दुसऱ्या देशाच्या नोटेवर परतला. पुढे घानाच्या नोटांवर स्वातंत्र्यलढ्यातील सहा नेत्यांच्या समूहचित्रात ते स्वदेशीही परतले, आणि २००७ मध्ये घानाने दहा हजार जुन्या सेदींचा एक नवा सेदी केला तेव्हाही ते समूहचित्र कायम राहिले. १९६५ चा १ सेदी, १९६७ चा १ सेदी आणि गिनीचे ५ सिली या तिन्ही नोटा चांगल्या अवस्थेत आजही सामान्य माणसाच्या खिशाला परवडतात. नव्या संग्राहकाने पहिली खरेदी हीच करावी असे मी सुचवेन.

गिनीची १९८० ची ही मालिका एकूणच वेगळी आहे, म्हणून तिच्यासाठी वेगळे पान ठेवावे. १ सिलीवर गिनीच्या राजकीय चळवळीतील नेत्या माफोरी बांगुरा, २ सिलीवर मोरोक्कोचे राजे पाचवे मोहम्मद, १० सिलीवर काँगोचे पात्रिस लुमुंबा आणि ५०० सिलीवर युगोस्लाव्हियाचे मार्शल टिटो आहेत. आपल्या नोटांवर इतक्या परदेशी नेत्यांना स्थान देणारे दुसरे उदाहरण सहज सापडत नाही. अलिप्ततावादी चळवळीतील मैत्री येथे चलनात उतरलेली दिसते.

दुसरी जोडी नायजेरियाच्या यादवी युद्धाची. ३० मे १९६७ रोजी पूर्व भागाने बियाफ्रा या नावाने स्वातंत्र्य जाहीर केले. तेथे मोठ्या प्रमाणावर नायजेरियन पौंड होते आणि त्यांतून शस्त्रे विकत घेता येत होती. ती वाट बंद करण्यासाठी केंद्र सरकारने जानेवारी १९६८ मध्ये चालू नोटा थोड्या दिवसांच्या मुदतीत बाद केल्या आणि त्याच रचनेच्या नोटा बदललेल्या रंगांत काढल्या. उत्तरादाखल बियाफ्राने त्याच महिन्याच्या २९ तारखेला स्वतःचे ५ शिलिंग आणि १ पौंड चलनात आणले, ज्यांवर ताडाचे झाड आणि उगवता सूर्य आहे. पुढे दुसऱ्या मालिकेत ५ व १० शिलिंग, तसेच १, ५ आणि १० पौंड आले. १५ जानेवारी १९७० रोजी बियाफ्राने शरणागती पत्करली आणि या नोटांचे चलनमूल्य संपले. दुसऱ्या मालिकेतील १ पौंडाच्या कोऱ्या नोटा बाजारात विपुल आहेत, म्हणून तिच्यासाठी जास्त पैसे कधीही मोजू नयेत. याच नोटेचा क्रमांक न छापलेला प्रकारही मिळतो, तो वेगळा नोंदवावा. पहिल्या मालिकेच्या आणि ५ व १० पौंडांच्या नोटा त्या मानाने महाग असतात. या विषयाचे पान असे लावावे: नायजेरियाची बाद झालेली नोट, तीच नोट बदललेल्या रंगात, आणि तिसरी बियाफ्राची. ती पाहिल्यावर युद्धात चलनाचा वापर कसा होतो हे वेगळे सांगावे लागत नाही.

तिसरा विषय थोडा किचकट, पण दीर्घकाळ पुरणारा आहे: बीसीईएओच्या नोटांवरील अक्षरे. सदस्य देशांच्या नोटा दिसायला एकसारख्या असतात, मात्र क्रमांकाजवळ एक रोमन अक्षर असते आणि त्यावरून देश कळतो. ए म्हणजे कोत दिव्हुआर, बी म्हणजे बेनिन, सी म्हणजे बुर्किना फासो, डी म्हणजे माली, ई म्हणजे मॉरिटानिया, एच म्हणजे नायजर, के म्हणजे सेनेगल, टी म्हणजे टोगो आणि एस म्हणजे गिनी-बिसाऊ. येथे इतिहास माहीत असणे थेट उपयोगाचे ठरते. मॉरिटानिया १९७३ मध्ये बाहेर पडून उगिया या स्वतःच्या चलनाकडे वळला, म्हणून ई अक्षराच्या नोटा सुरुवातीच्या मालिकांतच मिळतात. माली १९६२ मध्ये बाहेर पडला आणि १९८४ मध्ये परतला, म्हणून डी अक्षरात मधली दोन दशके रिकामी आहेत आणि आधीच्या नोटा दुर्मीळ आहेत. गिनी-बिसाऊ १९९७ मध्ये आला, म्हणून त्यापूर्वीच्या नोटांत एस शोधण्यात अर्थ नाही. जुन्या नोटांतील बी हा डाहोमीचा आणि सी हा अपर व्होल्टाचा, कारण ही राज्ये अनुक्रमे १९७५ आणि १९८४ मध्ये नावे बदलून बेनिन आणि बुर्किना फासो झाली. एखादे एकच मूल्य निवडून त्याची सर्व अक्षरे जमवावीत. १९५९ च्या रचनेची १००० फ्रँकांची नोट मला त्यासाठी विशेष आवडते. तिच्या मागील बाजूस वेलींचा झुलता पूल आणि अननस आहेत. विक्रेत्याने अक्षर सांगितले नसेल तर ते विचारल्याशिवाय दर ठरवू नये, कारण एका अक्षराने किंमत कित्येक पटींनी बदलते.

इतर देशांसाठी एवढे पुरे: सिएरा लिओनने ४ ऑगस्ट १९६४ रोजी लिओन हे चलन आणले आणि पहिल्या नोटांवर फ्रीटाउनचा प्रसिद्ध शाल्मली वृक्ष घेतला. तो वृक्ष २४ मे २०२३ रोजी वादळात कोसळला, त्यामुळे या नोटेला आता वेगळेच मोल आले आहे. गांबियाने १९७१ मध्ये पौंड सोडून दलासी स्वीकारला; त्याआधीच्या त्यांच्या पौंडांच्या नोटांवरची शिडाची होडी फार देखणी आहे. नायजेरियाने १ जानेवारी १९७३ रोजी नैरा आणला आणि १९७७ मध्ये, आदल्या वर्षी हत्या झालेल्या जनरल मुर्तला मुहम्मद यांचे चित्र २० नैराच्या नोटेवर छापले.

नोट वाचावी कशी

नोट हातात आल्यावर प्रथम तारीख पाहावी, पण तिच्यावर विसंबू नये. या प्रदेशातील नवस्वतंत्र देशांनी नोटांवर छपाईची तारीख टाकण्याऐवजी पुष्कळदा एखाद्या महत्त्वाच्या दिवसाची तारीख टाकली. गिनीच्या पहिल्या फ्रँकांवर २ ऑक्टोबर १९५८ ही स्वातंत्र्याची तारीख आहे, मात्र गिनी फ्रँक १ मार्च १९६० रोजी आला. मालीच्या नोटांवर २२ सप्टेंबर १९६० हा स्वातंत्र्यदिन आहे, तर मालीचा फ्रँक १९६२ चा. नायजेरियाच्या १९५९ मध्ये निघालेल्या नोटांवर १५ सप्टेंबर १९५८ आहे. त्यामुळे आपल्या नोंदवहीत ‘नोटेवरील तारीख’ आणि ‘चलनात आल्याची तारीख’ असे दोन स्वतंत्र रकाने पहिल्या दिवसापासून ठेवावेत. मागाहून ते भरत बसणे फार त्रासाचे होते. बीसीईएओच्या १९९० च्या दशकापासूनच्या नोटांत क्रमांकाचे पहिले दोन अंक वर्ष सांगतात, तेवढी सोय जुन्या नोटांत नाही.

तारखेनंतर स्वाक्षऱ्या पाहाव्यात. रचना तीच राहते, पण गव्हर्नर किंवा अर्थमंत्री बदलला की स्वाक्षरी बदलते, आणि एखाद्या अल्पकाळ पदावर राहिलेल्या अधिकाऱ्याची स्वाक्षरी असलेली नोट तिच्या भावंडांपेक्षा बरीच दुर्मीळ असू शकते. मग खालच्या कडेला बारीक अक्षरांत छापलेले मुद्रकाचे नाव भिंगाखाली वाचावे. ब्रिटिश परंपरेत वॉटरलो अँड सन्स आणि थॉमस डी ला रू ही दोन नावे वारंवार भेटतात. १९६१ मध्ये वॉटरलोचा व्यवसाय डी ला रूकडे गेला, म्हणून एकाच देशाच्या लागोपाठच्या मालिकांत मुद्रक बदललेला दिसतो. शेवटी नोट दिव्यासमोर धरून जलचिन्ह आणि सुरक्षा धागा तपासावा.

नोट ओळखण्यासाठी जगभर जर्मन संग्राहक आल्बर्ट पिक यांच्या नावाने रूढ झालेले क्रमांक वापरतात आणि ते ‘पी’ अक्षराने लिहितात. बियाफ्राची वर सांगितलेली १ पौंडाची नोट म्हणजे पी-५. बीसीईएओच्या नोटांत या क्रमांकातच देशाचे अक्षर मिसळलेले असते. क्रमांकानंतरचे लहान अक्षर स्वाक्षरीचा किंवा तारखेचा उपप्रकार सांगते, आणि किमतीचा खरा फरक बहुधा त्याच लहान अक्षरात असतो.

अवस्थेची पारख

संग्रहाचा सर्वाधिक पैसा येथे वाचतो किंवा वाया जातो, म्हणून या भागावर घाई करू नये. कोरी नोट म्हणजे जिला एकही घडी नाही, जिचे कोपरे टोकदार आहेत आणि जिचा कागद हातात घेतल्यावर कुरकुरीत आवाज करतो. त्याखाली जवळजवळ कोरी, अतिउत्तम, उत्तम, चांगली अशा पायऱ्या उतरत जातात. इंटरनॅशनल बँक नोट सोसायटीची वर्गवारी बहुतेक विक्रेते पाळतात, तर व्यावसायिक पारख संस्था सत्तरपैकी गुण देऊन नोट सीलबंद करतात. स्वस्त नोटांवर असा खर्च करणे व्यर्थ आहे. महाग नोटेसाठी मात्र तो विचारात घ्यावा.

पारखण्याची माझी पद्धत अशी. नोट सपाट, गडद पृष्ठभागावर ठेवावी आणि दिवा एका बाजूने, जवळजवळ नोटेच्या पातळीत आणावा. समोरून न दिसणाऱ्या घड्या या तिरप्या प्रकाशात सावली टाकतात. मग नोट उजेडासमोर धरून छिद्रे मोजावीत. फ्रेंच परंपरेत बँका नोटांचे गठ्ठे टाचण्यांनी टोचत असत, त्यामुळे फ्रेंच पश्चिम आफ्रिकेच्या जुन्या नोटांत टाचणीची छिद्रे ही नेहमीची गोष्ट आहे. भारतातही २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने मनाई करेपर्यंत गठ्ठ्यांना स्टेपल मारत असत, हे आपल्या संग्राहकांना ठाऊक आहेच. अशा दोन-चार बारीक छिद्रांनी नोट वाया जात नाही, मात्र विक्रेत्याने ती वर्णनात सांगितलेली असावीत. त्यानंतर कडा मोजपट्टीने मोजाव्यात, कारण फाटक्या कडा कापून सरळ केलेली नोट एका बाजूने दोन-तीन मिलिमीटर लहान भरते आणि तिच्या चारही बाजूंची पांढरी किनार असमान दिसते.

धुतलेली नोट ओळखणे सर्वांत अवघड असते. मळकी नोट साबणाने धुऊन, दाबून चपटी केली की छायाचित्रात ती देखणी दिसते, पण हातात घेतल्यावर कागद लुळा लागतो, रंग फिके पडलेले असतात आणि उठावाच्या छपाईचा खरखरीत स्पर्श नाहीसा झालेला असतो. साबणातील उजळपणा आणणारी द्रव्ये अतिनील दिव्याखाली निळसर चमकतात. नोटांचा जुना मूळ कागद अशा दिव्याखाली बहुधा मंद राहतो. हा छोटा दिवा कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. त्याच दिव्याने आधुनिक पांढऱ्या कागदावर छापलेली बनावट नोटही उघडी पडते. मात्र युद्धकाळात घाईने छापलेल्या नोटांचा कागद आणि छपाई मुळातच साधी असू शकते, तेव्हा उठाव लागला नाही एवढ्यावरून त्या नोटेला बनावट ठरवू नये. तिच्याच प्रकारची खात्रीची दुसरी नोट शेजारी ठेवून तुलना करावी.

खरेदी

मुंबई-पुण्यातील नाणी-नोटांच्या प्रदर्शनांत परदेशी नोटांचे मिश्र गठ्ठे मिळतात आणि त्यांत घाना, नायजेरिया, गिनीच्या अलीकडच्या नोटा थोड्या पैशांत हाती लागतात. नोटा हाताळून शिकण्यासाठी हे गठ्ठे उत्तम आहेत. जुन्या आणि दुर्मीळ नोटांसाठी मात्र लिलावगृहे आणि नावाजलेले विक्रेते यांच्याकडेच जावे लागते. पश्चिम आफ्रिकेच्या फ्रेंच नोटा फ्रान्समधील विक्रेत्यांकडे आणि ब्रिटिश नोटा इंग्लंडमधील विक्रेत्यांकडे अधिक प्रमाणात आणि अधिक नेमक्या वर्णनासह मिळतात.

दूरवरून खरेदी करताना दोन्ही बाजूंची, त्याच नोटेची आणि पुरेशी मोठी छायाचित्रे मागावीत. क्रमांक वाचता यायला हवा. केवळ नमुन्याचे चित्र दाखवणाऱ्याकडून दुर्मीळ नोट घेऊ नये. परत करण्याची मुदत लेखी घ्यावी आणि सीमाशुल्काचा खर्च आधीच हिशेबात धरावा. ‘स्पेसिमेन’ असा शिक्का किंवा छिद्राक्षरे असलेल्या नोटांविषयी विशेष सावध राहावे. त्या दोन प्रकारच्या असतात: मुद्रकाने बँकांना नमुना म्हणून दिलेल्या खऱ्या दुर्मीळ नोटा, आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस केवळ संग्राहकांना विकण्यासाठी काढलेले संच. दुसऱ्या प्रकारात क्रमांकाआधी माल्टाचा क्रूस छापलेला असतो, आणि त्यांची किंमत पहिल्या प्रकाराच्या जवळपासही नसते. बोली लावण्यापूर्वी त्याच पी क्रमांकाच्या आणि त्याच अवस्थेच्या नोटा पूर्वी कितीला विकल्या गेल्या ते पाहावे. विक्रेत्यांनी मागितलेले दर हे मागणे असते, विक्री नव्हे.

जतन

मुंबई आणि कोकणातील पावसाळा हा कागदाचा मोठा शत्रू आहे, म्हणून या भागातील संग्राहकाने साठवणुकीवर नोटांइतकाच विचार खर्च करावा. मऊ प्लॅस्टिकचे स्वस्त अल्बम टाळावेत. त्यांतील पीव्हीसीमधून निघणारी द्रव्ये काही वर्षांत कागदाला चिकट करतात आणि शाई उचलतात. पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटांत नोट ठेवावी, पाकीट नोटेपेक्षा थोडे मोठे असावे, आणि अल्बम पुस्तकासारखा उभा ठेवावा. लाकडी कपाटात ओल धरते आणि वाळवीची भीती असते, त्यामुळे भिंतीपासून थोडे दूर ठेवलेले लोखंडी कपाट बरे. सिलिका जेलच्या पुड्या कपाटात ठेवाव्यात, पण नोटांना लागू देऊ नयेत, आणि पावसाळ्यात दर महिन्याला वाळवून किंवा बदलून घ्याव्यात. पावसाळा संपला की कोरड्या दिवशी सर्व अल्बम उघडून बुरशीचे तपकिरी ठिपके आले आहेत का हे पाहावे. डागाळलेली नोट तत्काळ इतरांपासून वेगळी करावी. चिकटपट्टी लावणे, लॅमिनेशन करणे, इस्त्री फिरवणे आणि खोडरबराने डाग घासणे या चारही गोष्टी कायमच्या वर्ज्य मानाव्यात. फाटलेली नोट फाटलेलीच ठेवणे शहाणपणाचे आहे.

खरेदीचा क्रम

पहिल्या टप्प्यात एन्क्रुमांची साखळी आणि बियाफ्राचा १ पौंड घ्यावा, आणि त्या सर्व कोऱ्या किंवा जवळजवळ कोऱ्या अवस्थेतच घ्याव्यात, कारण त्या तशा सहज मिळतात आणि त्यांवरून चांगला कागद कसा असतो हे बोटांना कळते. दुसऱ्या टप्प्यात नायजेरियाच्या १९६८ पूर्वीच्या आणि नंतरच्या नोटा, मग बीसीईएओची अक्षरे एकेक करून. फ्रेंच बँकेच्या शाखांची नावे असलेल्या नोटा आणि करन्सी बोर्डाच्या १९१६ ते १९१८ या काळातील नोटा सर्वांत शेवटी घ्याव्यात. त्या चलनात झिजलेल्याच मिळतात, म्हणून तेथे कोऱ्या नोटेचा हट्ट धरू नये. तारीख, क्रमांक आणि स्वाक्षरी स्पष्ट वाचता येत असेल आणि कागदाचा कोणताही भाग नव्याने जोडलेला नसेल, तर मध्यम अवस्थेची नोटही आनंदाने घ्यावी. प्रत्येक नोटेसोबत तिचा पी क्रमांक, नोटेवरील तारीख, चलनात आल्याची तारीख, मुद्रक, स्वाक्षऱ्या, अवस्था, विक्रेता आणि दिलेली किंमत यांची नोंद घेतल्याच दिवशी करावी, आणि दोन्ही बाजूंचे छायाचित्र त्या नोंदीला जोडून, त्याची एक प्रत घराबाहेर कोठेतरी सुरक्षित ठेवावी.